मोकल सिस्टर आणि एकतीस बायका

अनसूया मोकल निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी गडबपासून रोह्यापर्यंत तिला कुणी नावानं हाक मारत नव्हतं. ती सगळ्यांची 'सिस्टर'च राहिली होती. पस्तीस वर्षं तिनं आरोग्यसेविका म्हणून काढली, आधी गडबच्या बाजूला आणि नंतर रोह्याकडच्या खाडीकाठच्या गावांत. कुणाला कितवा महिना लागलाय, कुणाच्या पोराचा गोवराचा डोस राहिलाय, हे ती वही न उघडता सांगायची. वरिष्ठ तपासणीला आले की तिची वही तिच्या बोलण्याशी ताडून बघत, आणि चूक निघालीच तर ती वहीतच निघे.

म्हणून जानेवारीत मुंबईच्या एका संशोधन संस्थेची माणसं साठीपुढच्या लोकांची स्मरणशक्ती तपासायला गडबच्या शाळेत आली, तेव्हा ती बिनधास्त गेली. शेजारच्या चार बायका एकट्या जायला बिचकत होत्या, त्यांनाही तिनं बरोबर घेतलं.

समोर बसलेल्या डॉक्टरबाई तिशीच्या होत्या, हेमांगी नावाच्या. त्यांनी पाच शब्द सांगितले आणि म्हणाल्या, "थोड्या वेळानं परत विचारीन हं, मावशी." मग वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला लावलं. ते सगळं अनसूयेनं झटक्यात केलं. मग त्यांनी शब्द विचारले.

"कोयता. चिंच. पायरी." अनसूया थांबली. पुढचे दोन जिभेच्या टोकावर आहेत असंही वाटेना. तिथं काहीच नव्हतं.

"राहू दे, बऱ्याच जणांचं होतं," हेमांगी म्हणाली आणि कागद उलटला. "पाळी कितव्या वर्षी गेली?"

"छत्तिसाव्या. पिशवी काढली."

"नुसती पिशवी, की ओव्हरी पण?"

हा प्रश्न अनसूयेनं इतकी वर्षं स्वतःला कधी विचारला नव्हता. ती म्हणाली, "मला माहीत नाय. नर्स असून माहीत नाय."

हेमांगीनं पेन खाली ठेवलं. हे का विचारतोय, ते तिनं नीट बसून सांगितलं. इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन ओव्हरीत तयार होतं. ते नुसतं पाळीसाठी नसतं, मेंदूतल्या पेशींनाही त्याचा उपयोग असतो. पेशींनी ते ओळखावं यासाठी शरीरात एक जनुक असतं. ते प्रत्येकीकडे असतं, पण हुबेहूब सारखं नसतं. "एकच मजकूर दोघींनी उतरवून घेतला, एकीची वेलांटी ऱ्हस्व पडली, दुसरीची दीर्घ, एवढासा फरक. बहुतेक वेळा अर्थ बदलत नाही. पण काही अभ्यासांत असं दिसलंय की ठरावीक फरक असलेल्यांना म्हातारपणी विसरायचा आजार थोडा जास्त होतो. काही अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. आणि ज्यांचं हार्मोन वेळेआधीच बंद पडलं, त्यांना तो फरक जास्त नडतो का, हे आपल्याकडच्या बायकांत फारसं कुणी पाहिलेलं नाही. त्यासाठी अशा बायकांचं रक्त तपासायला हवं."

अनसूयेला आई आठवली. माहेरी, गागोद्याच्या घरात शेवटची सहा वर्षं आई तिला विचारायची, "बाय, तू कुनाची गो?" आणि अनसूया दर वेळी सांगायची, "तुझीच."

घरी आल्यावर तिनं पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. सर्व्हिसचे कागद, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणि त्याखाली एका प्लॅस्टिकच्या पिशवीत १९९७ सालचं तिचं डिस्चार्ज कार्ड. डॉक्टरच्या वाकड्या अक्षरात इंग्रजी आद्याक्षरांची एक ओळ होती. गर्भाशय काढलं, दोन्ही बाजूंची अंडाशयं काढली. ती इंग्रजी आद्याक्षरं वाचायला तिला कधीच कुणाची मदत लागली नसती. सत्तावीस वर्षं तो कागद घरात होता आणि तिनं तो उलगडून पाहिला नव्हता.

पण तिला डाचत होतं ते तेवढंच नव्हतं. ऑपरेशननंतर पंधरा दिवसांत ती कामावर हजर झाली होती. त्या काळात पिशवीचा त्रास घेऊन बायका तिच्याकडे यायच्या. जास्त जातंय, कंबर धरते, शेतावर उभं राहवत नाय. आणि ती म्हणायची, "मी काढली की. बघा, मला काय झालं?" डॉक्टर म्हणायचा, ठेवलीत तर कॅन्सर होईल. तो खासगी डॉक्टर आता हयात नव्हता, त्याचा दवाखानाही कधीच बंद झाला होता. तिथवर या बायकांना हात धरून कुणी नेलं, तर मोकल सिस्टरनं.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ती कागद घेऊन बसली. आपण नेलेल्या बायकांची नावं आधी वही न बघता लिहायची, असं तिनं ठरवलं. सत्तावीस झाली. मग जुन्या डायऱ्या काढल्या आणि एकेक नाव ताडलं. डायरीत एकतीस होती. सुटलेल्या चारांत तिची स्वतःची चुलतजाऊ होती.

तिचा मुलगा प्रविण नागोठण्याला कंपनीत होता. शिफ्ट संपवून आला तर जेवणाच्या टेबलावर डायऱ्यांचा ढीग.

"हे काय काढलंयस, आई?"

तिनं सांगितलं. पाच शब्दांचं मात्र सांगितलं नाही.

"म्हणजे आता तू घरोघरी जाऊन सांगणार, माझ्यामुळं झालं? तुला तरी कुठं माहीत होतं तेव्हा? उगाच अंगाला लावून घेऊ नकोस."

"अंगाला लावून घेत नाय. ज्यांना नेली त्यांना विचारायचं, आता कशा आहात. तेवढं माझं काम हाय."

"आणि कुणी तोंडावर बोललं तर?"

"बोलू दे. दोन कान हायत."

फेब्रुवारीभर ती फिरली. एसटीनं, मिनीडोर रिक्षानं, जिथं काहीच जात नाही तिथं चालत. एकतिसांपैकी सहा वारल्या होत्या. पाच जणी मुलांबरोबर लांब राहायला गेल्या होत्या. खाडीकाठच्या एका घरी कान्हू म्हात्रे ओटीवर जाळं सांधत बसले होते. बायको कशी आहे विचारल्यावर त्यांनी जाळ्यातून नजर वर केली नाही. "दोन वर्षं झाली तिला जाऊन. शेवटाला मलाच बोलायची, ह्या परक्या माणसाला घरात कुनी घेतला. मी बाहेर ओटीवं निजायचो, तिला भ्या वाटू नये म्हनून." अनसूया बराच वेळ तिथं बसली. उठताना तिनं सांगितलं की ऑपरेशनला तीच घेऊन गेली होती. कान्हू म्हणाले, "ठाव हाय. मीच धाडली होती तुझ्यासंगं." आणि परत जाळं ओढलं.

काही बायकांनी हसण्यावारी नेलं. एकीनं दार लावून घेतलं. एक जण म्हणाली, "पिशवी गेली म्हणून तर सुटले, सिस्टर. तुमी नसता नेली तर रगत जाऊनच मेले असते." तेही खरं होतं, आणि अनसूयेनं तेही तसंच लिहून घेतलं.

सगळ्यात अवघड घर रोह्याच्या पुढं होतं, ताजुन्निसाचं. ताजुन्निसा तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. खमकी बाई. नवरा कुवेतला असताना तिनं एकटीनं भातशेती सांभाळली, घर बांधलं आणि दोन पोरं वाढवली. अनसूया त्या गावात गेली की जेवल्याशिवाय सुटका नसे. ती दारात पोचली, तेव्हा ताजुन्निसा पडवीत खुर्चीवर बसली होती. तिनं अनसूयेकडं पाहिलं, हसली आणि सुनेला हाक मारली, "रुखसार, कोन आलाय बघ."

"सिस्टर आल्यात, अम्मी."

"कोन आलाय?"

रुखसारनं मोठ्यानं परत सांगितलं. तिचा चेहरा थकलेला होता. आत चुलीशी तिनं सगळं सांगितलं. अम्मी आमटीत तीन तीनदा मीठ घालतात. नमाजाच्या किती रकाती पढून झाल्या ते विसरतात आणि मग रडत बसतात. परवा मशिदीपर्यंत जाऊन घर सापडेना म्हणून उन्हात उभ्या होत्या. गावातले म्हणतात बाहेरचा असर आहे. दोन ठिकाणी मौलवीकडून दुवा फुंकून, दम करून आणला. रुखसारचा नवरा तौहीद शारजाहून रोज फोन करतो, तर अम्मी त्याला त्याच्याच बापाच्या नावानं बोलतात.

"डॉक्टर?"

"डॉक्टर बोलले, वय झालं."

अनसूयेनं मग अभ्यासाचं सांगितलं, हार्मोनचं, जनुकाचं, ऑपरेशनचं, आणि तपासायला रक्त द्यावं लागेल तेही. रुखसार ऐकत होती.

"म्हणजे अम्मींना दवाखान्यात तुमीच नेलंत ना?"

"व्हय. मीच नेलं."

"आणि आता रक्त न्यायला आलात."

रुखसारनं भांडं बाजूला सारलं. "माझी अक्सा विसाची हाय. तिला स्थळ बघायला लागलोत. उद्या तुमचा कागद आला, ह्यांच्या रक्तात खोट हाय, मग? पोरगी पन त्याच रक्ताची. कोन करनार तिच्याशी निकाह? नको सिस्टर. रक्त नाय देनार."

वाटेवर अनसूयेला तिचा राग आला नाही. उलट, ही विचारते ते आपण का विचारलं नाही, असं वाटत राहिलं. मिनीडोरची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभं राहूनच तिनं हेमांगीला फोन लावला.

"डॉक्टर, रक्त घेतल्यावर कागदावर नाव असतं का?"

"नाही मावशी. नुसता नंबर. नावं वेगळ्या कुलपात."

"मग कुणाला काय निघालं, ते तिला सांगणार कसं?"

हेमांगी म्हणाली, "एकेकीला सांगणार नाही आहोत. त्या फरकाचा एका बाईपुरता पक्का अर्थ अजून लागत नाही. कुणाला सांगितलं, तुझ्यात आहे, तर ती उगाच भीतीनं मरेल. नाही म्हटलं, तर उगाच निर्धास्त होईल."

"म्हणजे रक्त आमचं, शहाणपण तुमचं, आणि आमच्या पदरात काय?"

"खरं सांगू? आज तरी काही नाही. पुढच्यांना उपयोग होईल."

खोटं बोलली नाही, हे अनसूयेला बरं वाटलं. पण ती तेवढ्यावर ऐकणार नव्हती. "एक काम करा. ज्या बायका येतील त्यांचं थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, साखर, बीपी आणि कान तपासा. विसरण्यामागं बाकीची कारणं पण असतात, मी पस्तीस वर्षं पाहिलंय. जिला काही निघेल तिला औषध मिळेपर्यंत तुमचा माणूस मागं राहील. आणि अभ्यासाचं जे काय निघेल ते इथं येऊन, आमच्या भाषेत, आमच्यासमोर सांगायचं. हे लिहून द्या. मग मी बायका आणते. नायतर नाय आणत."

"हे माझ्या हातात नाही, मावशी."

"मग ज्यांच्या हातात हाय त्यांना विचारा."

पाच आठवडे काहीच कळलं नाही. प्रविण म्हणाला, गेले ते, आता कशाला येतात. अनसूयेनं दर सोमवारी फोन केला. सहाव्या सोमवारी हेमांगीचाच आला. संस्थेच्या समितीत दोनदा वाद झाला होता, एका वरिष्ठांनी तर विचारलं होतं की ही बाई कोण लागून गेली. पण तपासण्या मंजूर झाल्या होत्या आणि सही-शिक्क्याचं पत्र पोस्टात टाकलं होतं.

ते पत्र घेऊन अनसूया परत रुखसारकडं गेली. नाव कुठं लिहिलं जाणार, कुठं नाही, ते बोट ठेवून वाचून दाखवलं. "जनुकाचं रक्त द्यायचं नसेल तर देऊ नको. पण थायरॉइडचं आणि कानाचं तपासू. ते तर अम्मींच्याच कामाचं हाय." रुखसारनं पत्राचा फोटो काढून तौहीदला पाठवला. त्याचा फोन आला, तो बराच वेळ बोलला. मग रुखसार म्हणाली, "चला. दोन्ही देऊ. पन अक्साचं कुठं नाव नको."

एप्रिलमध्ये, उन्हं चढायच्या आत, रोह्याजवळच्या एका शाळेत शिबिर सुरू झालं. उरलेल्या वीसजणींपैकी सतरा आल्या. अठरावी अनसूया. आदल्या दिवशी तिनं प्रविणला बसवून सांगितलं होतं की पाचांतले दोन शब्द गेले, आणि दोन्ही ओव्हरी पण काढलेल्या. सकाळी शिफ्ट बदलून घेऊन तोच तिला गाडीनं सोडायला आला आणि दिवसभर बायकांना खुर्च्या देत, पाणी देत तिथंच थांबला.

सतराजणींपैकी ऑपरेशनचे कागद पाचजणींकडे होते. चौघींच्या कार्डावर तीच आद्याक्षरं. एकीलाही तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. अनसूयेनं प्रत्येकीला बाजूला घेऊन अर्थ सांगितला. वर म्हणाली, "मी तेव्हा वाचून सांगायला हवं होतं. सांगितलं नाय." एक बाई म्हणाली, "आता सांगितलंस ना." एकजण लांब जाऊन बसली.

तपासण्यांचे कागद आले तेव्हा ताजुन्निसाचं थायरॉइड पार ढासळलेलं निघालं. आणि दोन्ही कानांनी तिला निम्म्याहून कमी ऐकू येत होतं. हेमांगीनं पेणच्या फिजिशियनकडं पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. कानातली यंत्रं तौहीदनं शारजाहून पाठवली. दिवाळीपर्यंत ताजुन्निसा पडवीतून अंगणात आली. आमटीत मीठ एकदाच पडायला लागलं. रकाती विसरणं मात्र पूर्ण गेलं नाही, आणि तौहीदला कधी कधी ती अजूनही बापाच्या नावानंच हाक मारायची. डॉक्टर म्हणाले, जेवढं थायरॉइडनं झालं होतं तेवढं परत आलं, उरलेलं विसरण्याच्याच आजाराचं आहे. ते सावकाश वाढेल. रुखसारनं ते शांतपणे ऐकलं. निदान काय आहे ते तरी कळलं, म्हणाली. दम करून आणणं मात्र तिनं बंद केलं नाही, आणि अनसूयेनंही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

पुढच्या वर्षी डिसेंबरात हेमांगी शब्द दिल्याप्रमाणं आली. शिबिर झालं त्याच शाळेच्या एका वर्गात पंधरा-सोळा बायका आणि त्यांच्या सुना-मुली बसल्या. सात तालुक्यांतल्या अडीच हजार माणसांचा अभ्यास झाला होता. ज्यांची अंडाशयं लवकर गेली आणि ज्यांच्यात तो ठरावीक फरक होता, अशा बायकांत विसरण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलं होतं. "थोडं म्हणजे खरंच थोडं," हेमांगी म्हणाली. "अशा बायका आमच्याकडे होत्याच मोजक्या, त्यामुळं हा योगायोगही असू शकतो. मोठा अभ्यास करायला हवा. पण बीपी, साखर, कमी ऐकू येणं, घरात एकटं बसून राहणं, यांचा परिणाम जनुकापेक्षा कितीतरी मोठा दिसला. आणि त्यावर इलाज आहे."

एका बाईनं विचारलं, "म्हणजे मला होईल की नाय?"

"सांगता येत नाही, काकू."

"मग बरंय. नायतर आजपासूनच घाबरून बसले असते."

कुणीतरी हसलं, मग सगळ्याच हसल्या.

बायका पांगल्या तरी रुखसार मागं राहिली. चपला घालता घालता, खाली बघतच म्हणाली, "सिस्टर, मला पन काढायला सांगितलीय. पिशवी. पुढच्या आठवड्यात बोलवलंय."

अनसूयेनं तिचा हात धरून तिला परत बाकावर बसवलं. किती दिवसांपासून जातंय, किती जातंय, सोनोग्राफी कुठं केली, सगळं विचारलं. रुखसार एकेचाळीस वर्षांची होती. सोनोग्राफीत गाठी निघाल्या होत्या, मोठ्या. अनसूयेला मनातून वाटत होतं की म्हणावं, काढूच नको. पण हिमोग्लोबिनचा आकडा वाचल्यावर तिनं ते गिळलं. म्हणाली, "आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. मी येते."

पेणला दोघी दुसऱ्या सर्जनबाईंकडं गेल्या. त्यांनी सगळं तपासलं, तीन महिने औषधं दिली. औषधांनी रक्त जाणं कमी झालं, पण गाठी राहिल्या आणि हिमोग्लोबिन चढेना. शेवटी त्याही म्हणाल्या, पिशवी काढावी लागेल.

"आणि ओव्हरी?" अनसूयेनं विचारलं.

"दोन्ही चांगल्या आहेत. त्या कशाला काढायच्या?"

"तसं लिहून द्या, बाई. संमतीच्या कागदावरच. आणि आत गेल्यावर वेगळं काही दिसलं आणि काढावी लागली, तर का काढली ते हिला शुद्धीवर आल्यावर सांगायचं. मला नाय, हिला."

सर्जनबाईंनी चष्म्यातून तिच्याकडं पाहिलं. "तुम्ही कोण यांच्या?"

रुखसारच म्हणाली, "आमच्या सिस्टर हायत."

बाईंनी लिहून दिलं. ऑपरेशन नीट झालं, अंडाशयं दोन्ही राहिली, आणि तसं त्यांनी वॉर्डात येऊन रुखसारला स्वतः सांगितलं.

आठ दिवसांनी अनसूया भेटायला गेली. अक्सा स्वयंपाक करत होती. रुखसार पडवीत पलंगावर पडलेली, आणि उशाशी खुर्ची ओढून ताजुन्निसा बसली होती, हातात पेजेची वाटी.

"तुला काय झाला गो?" ताजुन्निसानं सुनेला विचारलं.

"ऑपरेशन झालं, अम्मी. आता बरं हाय."

"मग खा." तिनं चमचा पुढं केला. थोड्या वेळानं परत तोच प्रश्न. रुखसारनं परत तेवढ्याच आवाजात तेच उत्तर दिलं आणि तोंड उघडलं. असं चारदा झालं. वाटी संपली.

अनसूयेला चहा आला. ती निम्मा प्यायली असेल तोच तिचा फोन वाजला. नागोठण्याहून एक बाई बोलत होती, ओळखीची नव्हती. नंबर कुणीतरी दिला होता. बहिणीला पिशवी काढायला सांगितलीय, वय चौतीस, काय करावं.

"कागद हायत ना जवळ?" अनसूया म्हणाली. "मग उद्या दहाला स्टँडवर उभ्या राहा दोघी. मी येते."